थोरलीची धार

आमच्या घरात जास्त रागीट कोण, यावर माझी आणि सासूबाईंची कायम चुरस असते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भाजी चिरण्याच्या टेबलावर मुख्य होत्या, आणि तिथे त्यांना सगळे ‘फौजदार’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

खिडकीजवळचं लांबलचक स्टीलचं टेबल त्यांचं. कोबी कुणी जाड चिरला की त्या तो हाताने बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, “हा गुरांना घाला.” सुऱ्या मात्र त्या घरून न्यायच्या. कँटीनच्या सुऱ्यांना त्या चमचे म्हणायच्या. जाड कापडात गुंडाळलेल्या त्यांच्या स्वतःच्या तीन सुऱ्या होत्या: थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीची काळी मूठ त्यांच्या बोटांच्या आकाराने झिजलेली होती. ती मी एकदा डब्याचं झाकण उचकटायला घेतली तेव्हा दोन दिवस त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

मागच्या हिवाळ्यात त्या आमच्या स्वयंपाकघरात चिरता चिरता कोसळल्या. अर्धांगाचा झटका होता, सौम्य. पण पडताना हातातली थोरली डाव्या दंडाला लागली. माझा नवरा आधी पोचला. फरशीवर रक्त, आईचं तोंड वाकडं झालेलं, आणि शेजारी सुरी. तो मटकन खाली बसला. ॲम्ब्युलन्स मीच बोलावली.

तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला. उजव्या हाताची पकड तेवढी यायची राहिली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, “येईल, पण हात वापरात ठेवा.” कँटीनच्या मुख्य आचाऱ्यांनी निरोप पाठवला होता: टेबल तुमचंच आहे बाई, हात चालायला लागला की या, फक्त फार लांबवू नका. सासूबाईंना त्या टेबलाशिवाय दुसरं काही नको होतं. व्यायामाचा रबरी चेंडू त्या असा दाबायच्या की जणू त्याने त्यांचं काही घोडं मारलंय.

मग त्या रोज सकाळी एक टोमॅटो कापून बघू लागल्या. टोमॅटो हा हाताचा खरा आरसा, असं त्यांचं म्हणणं. सुरी ठेवायची, ओढायची, साल फाटता कामा नये. आणि रोज सकाळी टोमॅटो चेंगरायचा. पाटावर पाणी, बिया, लगदा. आधी त्यांनी मला धरलं.

“तू पाती घासणीने घासतेस. म्हणून धार जाते.”

“आई, मी तुमच्या सुऱ्यांना हातसुद्धा लावत नाही.”

“मग काय उंदीर चावतात त्यांना?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठवडाभर हे चाललं. नवरा चहा ढवळत मान खाली घालून बसायचा. मी त्याला म्हटलं, अरे, तू तरी बोल. तो म्हणाला, “अगं, सुऱ्या ठीक आहेत. आईच्या हातात अजून जोर नाही, एवढंच. होईल हळूहळू. नाहीच झालं तरी आता कामाची गरज काय आहे?”

हे त्याने आईसमोर म्हटलं. त्या दिवशी सासूबाई माझ्याशी भांडल्या नाहीत. थोरली त्यांनी सिंकमध्ये टाकली आणि खोलीत जाऊन बसल्या. मला त्यांचा राग सोसतो, पण त्यांचं गप्प बसणं सोसत नाही. त्याच तिरमिरीत मी फोनवर धार लावायचं एक यंत्र शोधलं आणि मागवून टाकलं. पूर्वी चाकाची गाडी घेऊन धारवाला यायचा, तो कधीच बंद झाला होता. मनात एवढंच होतं, की सुऱ्यांना चकचकीत धार लावून दाखवीन, म्हणजे माझ्यावरचा आळ तरी जाईल.

यंत्र यायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी आचाऱ्यांना फोन केला. मी दाराशी उभी होते. त्या म्हणाल्या, “माझा हात गेला. टेबल दुसरीला द्या.” मग फोन ठेवून टोमॅटोची टोपली माझ्याकडे सरकवली. “घे, चटणी कर. मला आता कशाला लागतात.”

यंत्र म्हणजे फार काही नव्हतं. टेबलाच्या कडेला बसवायचा एक चिमटा, त्यात पातं घट्ट धरायचं. बाजूला एक उभा खांब, त्यावर खालीवर सरकणारी कडी. कडीतून एक लांब दांडी जाते आणि दांडीवर दगड बसवलेला. कडीची उंची एकदा ठरवली की दगड पात्याला प्रत्येक वेळी त्याच कोनात लागतो. कोन सांभाळायचं काम कडी करते, आपण फक्त दांडी पुढेमागे न्यायची.

हे सगळं वाचून मी धाकटी चिमट्यात धरली आणि कडी फारच खाली ठेवून जोरात घासली. धार राहिली बाजूला, पात्याच्या अंगभर ओरखडे उठले. सासूबाई खोलीतून आवाज ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“काय करतेयस? कढई घासतेयस का? सरक.”

त्या बसल्या. यंत्राबरोबरच्या कागदावर मार्करची एक युक्ती दिली होती, ती मी वाचून दाखवली. धारेच्या दोन्ही उतारांना काळी शाई लावायची आणि दगड फिरवायचा. जिथे दगड लागतो तिथली शाई जाते. अगदी कडेला शाई उरली तर दगड तिथवर पोचत नाही, कडी वर घ्यायची. सासूबाईंनी शाई लावली, बघितली, कडी केसभर वर घेतली, परत बघितली. मग उजव्या हाताने दांडी ढकलू लागल्या.

त्या हाताला जोरच नव्हता, त्यामुळे दगड पात्यावरून अलगद जात होता. माझ्यासारखा दाबत नव्हता, उड्या मारत नव्हता. एका बाजूला घासून झालं की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते, म्हणजे दगड कडेपर्यंत पोचला. ती खरखर लागली तेव्हा त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. “लागली?” मग चिमटा उलटवून दुसरी बाजू, मग बारीक दगड, मग त्याहून बारीक. तिन्ही सुऱ्या होईपर्यंत दुपार सगळी त्यातच गेली. चहाला हाक मारली तर माझ्यावरच खेकसल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

शेवटी त्यांनी थोरली टोमॅटोवर ठेवली आणि ओढली. साल हूं की चूं न करता उघडली. दुसरी चकती, तिसरी चकती, कागदासारख्या पातळ. त्यांनी सुरी खाली ठेवून उजवा हात डोळ्यांसमोर धरला, कुणाचा तरी परका हात बघावा तसा.

“हा चालतोय गं,” त्या म्हणाल्या. “हा केव्हापासून चालतोय?”

लगेच आचाऱ्यांना फोन झाला. ते घुटमळले. एका बाईला हो म्हणून बसलोय, म्हणाले. पण सोमवारी या, हात दाखवा, मग बघू. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी उत्साहाने सगळं सांगितलं. तो “अरे वा” म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, टोमॅटो परत चेंगरला.

मी म्हटलं, पोलाद जुनं झालं असेल. पातं उजेडात धरून मुठीजवळच्या टाचेपासून टोकापर्यंत सासूबाईंनी न्याहाळलं. मग तिन्ही सुऱ्यांना पुन्हा धार लावली, आणि झाल्यावर धारेला परत काळी शाई फासली. मी विचारलं, आता कशाला? “असू दे. उद्या निघताना पुसेन,” म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मी तयार होऊन स्वयंपाकघरात आले तर त्या खिडकीशी उभ्या होत्या. कापड सोडलेलं, तिन्ही सुऱ्या ओळीने मांडलेल्या. दोन्ही उतारांवरची शाई तशीच काळी होती. फक्त अगदी कडेला, टाचेपासून टोकापर्यंत, एक पांढरी चमकदार रेघ. तिन्हींना.

“वापरून धार गेली तर पात्याच्या फुगीर पोटाजवळ जाते,” त्या म्हणाल्या. “टाच तर कधी पाटाला लागतसुद्धा नाही. ही कुणीतरी उभी धरून घासलीय. कशावर तरी.”

त्या स्वयंपाकघरभर बघू लागल्या. ओट्याची कड चाचपली, खलबत्ता पाहिला. मग मिठाची चिनी मातीची बरणी उचलून उपडी केली. झाकण पडलं, मीठ ओट्यावर सांडलं. बरणीच्या बुडाला चकाकी नसते, तिथली कड खरबरीत असते. त्या कडेवर पोलादाच्या करड्या रेघाच रेघा होत्या. नव्या होत्या, जुन्या होत्या, एकीवर एक.

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी नवरा उठतो. चहा तोच टाकतो.

तो टॉवेलने डोकं पुसत आला आणि बरणी बघून जागच्या जागी थांबला. मला वाटलं आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटेल. पण सुटला तो माझा. केसाने गळा कापलास, म्हटलं. रोज सकाळी आई रडकुंडीला येते, माझ्यावर आळ घेते, आणि तू समोर बसून चहा ढवळतोस! लाज वाटली नाही? तो म्हणत राहिला, “अगं, ऐक, ऐक जरा.” मी काय ऐकणार होते!

“आई, तुम्ही बोला ना काहीतरी!” शेवटी मीच ओरडले.

“मला उशीर होतोय,” त्या म्हणाल्या आणि थोरली चिमट्यात धरली.

त्यांचा हात थरथरत होता. नवरा बघून चटकन म्हणाला, “बघ आई, अजून कापतोय.” त्यांनी मान वर केली.

“हा आजाराने नाही कापत.”

दांडी कडीत होती. हात कितीही थरथरला तरी दगड आपल्या कोनातच जात-येत राहिला. तो तिथेच उभा होता, केसांतून पाणी गळत. त्यांनी थोरली पुरी केली, मधली पुरी केली. धाकटी तशीच सोडून आम्ही निघालो.

कँटीनमध्ये त्यांनी कांद्याचं अख्खं क्रेट चिरून दाखवलं. हात दमला, मधे दोनदा थांबल्या, पण सगळे काप एकसारखे. आचारी एक फोड उचलून उजेडात बघत राहिले.

“हात तर शाबूत आहे, बाई. मग फोनवर गेला का म्हणालात? तुमच्या शब्दावर मी त्या पोरीला टेबल देऊन बसलो. आता तिला काय सांगू?”

खिडकीजवळच्या टेबलावर सासूबाईंनीच तयार केलेली एक मुलगी उभी होती आणि आमच्याकडे बघायचं टाळत होती. मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझा हात दाबला, उजव्या हाताने, चांगला जोरात. फौजदारांनी सगळ्या जगाच्या चुका चारचौघांत काढल्या आहेत. मुलाची मात्र काढली नाही.

“मला वाटलं गेला,” त्या म्हणाल्या. “चूक झाली.”

कांद्याच्या कोपऱ्यात, सिंकशेजारी, जागा आहे असं आचारी म्हणाले. तिथे नवीन आलेल्यांना उभं करतात. सासूबाई “चालेल” म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच रडले, संतापाने. त्या म्हणाल्या, “फौजदाराचा शिपाई झाला,” आणि हसायला गेल्या, पण हसू आलं नाही.

संध्याकाळी नवरा त्यांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. “आई, तू पडलीस तेव्हा मी बघितलं होतं. सुरी, रक्त, सगळं. मला रोज भीती वाटायची. तुला काही होऊ नये म्हणून केलं.” तो खरंच रडत होता. त्याच्या भीतीत काही खोटं नव्हतं हे मलाही दिसत होतं, आणि म्हणून राग आणखीच येत होता. ज्याच्यावर धड ओरडताही येत नाही अशा माणसाचं करायचं काय?

“भीती तुझी होती,” त्या म्हणाल्या. “हात माझा होता. मला सांगायचंस, आई, मला भीती वाटते. मी शिव्या दिल्या असत्या, पण ऐकलं असतं. तू मला धडधाकट हातासाठी रडायला लावलंस. माझ्या तोंडून म्हणवलंस, हात गेला.”

“आई, माफ कर.”

“करीन. आज नाही.”

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी सकाळचं सांडलेलं मीठ तोवर डब्यात भरून ठेवलं होतं आणि बरणी धुवायला घेणार होते. त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध उपडी ठेवली, करड्या रेघा वर करून.

आता त्या रोज कांद्याच्या कोपऱ्यात उभ्या राहतात. रविवारी चिमटा लावतात, तिन्ही सुऱ्या काढतात आणि शाईचा मार्कर शोधायला मला पळवतात. मुलाशी बोलतात, त्याला वाढतात, त्याचा ताप बघतात. तो सकाळी सगळ्यांच्या आधी उठतो आणि त्याच टेबलावर बसून चहा पितो. बरणी अजून तिथेच आहे. मीठ आम्ही डब्यातून घेतो.