पिवळ्या गाडीची शिवण

मी आणि माझी बायको शेवंता शेवटचं भांडलो ते दोन गाड्यांवरून. भाजी घेऊन परतताना शोरूमच्या काचेपाशी थांबलो होतो. आत शर्यतीच्या दोन महागड्या गाड्या, एक लाल, एक पिवळी. मी जन्मभर गॅरेजात गाड्या रंगवल्या, तिनं सीटकव्हरं शिवली.

"लालच भारी. रंग बघ, नुसता आरसा."

"पिवळीची शिवण बघा. हातानं घातलीय. लाल गाडीची मशीनवरची."

"काचेतनं शिवण दिसती होय?"

"मग चला आत, विचारू."

मला माझ्या तुटक्या चपलांची लाज वाटली. "तुला काय कळतंय," म्हणालो आणि पुढं निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसल्या जागी गेली.

तिला जाळून आल्यावर एकच डोक्यात घोळत राहिलं. रंग रस्त्यावरच्यांसाठी असतो, सीट आत बसणाऱ्यासाठी. मी गाडी बाहेरून बघत आलो, ती आतून. घराचंही तसंच. लोक काय म्हणतील ते मला दिसायचं, घरात कुणाला काय टोचतंय ते तिला.

सकाळी चपला घातल्या. मेव्हणा ओरडला, "दाजी, सुतकात कुठं निघालात?"

शोरूममधल्या बाईंना म्हणालो, "मला सुतक आहे. पिवळ्या गाडीच्या सीटला हात लावला तर चालेल का?"

त्यांनी दार उघडून दिलं. मी शिवणीवरून बोट फिरवलं. टाके किंचित मागंपुढं होते. हाताचेच.

"बसा ना, काका."

"नको," म्हणालो. "परवा बायको म्हणत होती, तेव्हाच आत यायला पाहिजे होतं."