हंड्यावरची मोठी अक्षरं

माझं लग्न इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांमुळं मोडता मोडता राहिलं. पत्रिकेतल्या मंगळावरून, जेवणातल्या मिठावरून लग्नं मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आमचं प्रकरण त्याहून शिकलेलं होतं!

तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि पावसानं आमच्या सगळ्या भागाकडं पाठ फिरवली होती. (सरकारनं जिल्हा दिला, पाणी द्यायचं विसरलं, असं अण्णा म्हणायचे.) अण्णा म्हणजे माझे वडील, उमरीच्या शाळेत मराठीचे मास्तर. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते गयाआत्यानं, अण्णांच्या थोरल्या बहिणीनं. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. बरेचदा पहिला आणि मधलाही तिचाच असायचा.

आमच्या काळी शाळेत इंग्रजी लिप्या चार. पहिली म्हणजे मोठी छापील, दुसरी बारकी छापील, तिसरी मोठी वळणदार आणि चौथी बारकी वळणदार. चारही घोटून घोटून बोटाला घट्टे पडले, पण कुठली कधी वापरायची हे काही कुणी सांगेना. शेवटी परीक्षेच्या तोंडावर गुरुजींनी घाईघाईत उरकलं, "नावाचं पहिलं अक्षर मोठं, वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, आणि आय म्हणजे मी, तो सदा मोठा. बाकी समदं बारकं. चला, घंटा झाली!" एवढ्या भांडवलावर मी उमरीत इंग्रजीवाली म्हणून मिरवत होते.

मला बघायला लातूरची मंडळी आली, ती याच कीर्तीवर. मुलगा नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. बोलणी करायला त्याची आई, सुभद्राबाई. आवाज असा, की पोहे बशीत थरथरले.

"पोरगी इंग्रजी लिहिती म्हनं. लिहून दाखव बरं नाव."

मी पाटी घेतली आणि जोशात येऊन माझं नाव चारही लिप्यांत लिहिलं. (एवढा आगाऊपणा कुणी सांगितला होता?) सुभद्राबाईंनी पाटी हातात घेऊन उलटी धरली, मान डोलावली.

"आगं माय! एकच नाव चार तऱ्हेनं! आमच्या गल्लीत एका तऱ्हेनं लिहिनारी न्हाई. पसंत हाय पोरगी. हुंडा नको आम्हाला. एक चांगला दांडगा हंडा द्या. लातुरात नळाला पानी कवा येतंय ते नळालाच ठावं न्हाई. आन् त्याच्यावर नावं इंग्रजीत घाला. आमचं जिल्ह्याचं ठिकान हाय आता."

मुलाकडं मी चोरून पाहिलं. तो माझ्याकडं न बघता पाटीकडं बघून हसत होता. मला तो तिथंच आवडला. हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाटायला लागलं, आणि इथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

पितळी हंडा आत्याकडून आहेर. तो घेऊन अण्णा, आत्या आणि मी नांदेडला भांडेबाजारात गेलो. दुकानाच्या पायरीवर रशीदचाचा छिन्नी-हातोडी घेऊन बसलेले. भांड्यावर नावं घालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कागदावर दिसेल तसं ते ठोकत.

"बेटा, आधी पक्कं ठरवा," ते म्हणाले. "पितळेवर एकदा उमटलं की मला बी पुसता येत न्हाई, अन् कलेक्टरला बी न्हाई."

मी कागदावर चार नावं लिहिली. वर सासूबाईंचं, मग अण्णांचं, मग आत्याचं, सगळ्यांत खाली माझं. प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची बारकी. गुरुजींनी सांगितलं होतं अगदी तस्सं. अण्णांनी चष्मा सरकवला.

"हे काय? विहीणबाईंचं एकच अक्षर मोठं?"

"नियमच आहे अण्णा."

आत्यानं कागदात डोकं घातलं. "डोक्याला फेटा आन् खाली उघडं? आसं इंग्रज हिंडत आसतील. आपल्यात न्हाई चालत."

"आपण मुलीकडचे," अण्णांनी निकाल दिला. "त्यांची सगळी अक्षरं मोठी. आपली सगळी बारकी. वाकून राहिलेलं बरं."

"अहो अण्णा, इंग्रजीत मुलीकडचे आणि मुलाकडचे असं काही नसतं!"

"मग त्यांच्यात लग्नं होतात कशी?"

अण्णा पडले मराठीचे मास्तर. ते जन्मभर अहो-जाहो, तीर्थरूप, सौभाग्यवती यांत वाढलेले. मान द्यायचा तर शब्दच बदलायचा, अक्षराची उंची कशाला वाढवायची? पण आता अक्षरं दोन मापांची मिळतायत म्हटल्यावर मोठं माप पाहुण्यांना आणि बारकं घरच्यांना, हा त्यांचा हिशेब मला कितीही डोकं आपटलं तरी खोडता येईना.

आणि मग आत्या पेटली.

"म्हंजी माझं नाव बी बारकं? हिला अंगाखांद्यावर खेळवली कुनी? रात-रात जागली कुनी? हंडा देऊन राहिली मी, आन् हंड्यावर मीच मुंगीएवढी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच कसंतरी झालं. शेवटी तह झाला: सासूबाईंचं अख्खं नाव मोठं, अण्णांचं अख्खं बारकं, आत्याला फक्त फेटा. माझ्या नावाचं काय, असं चाचांनी विचारलं तेव्हा तिघंही एका सुरात म्हणालो, "बारकं!" (तिघांत मीही होते, हे विशेष. इंग्रजी नियम एकट्या मलाच येत होते, आणि माझ्याच नावाचा फेटा मी स्वतः उतरवला!)

अण्णा आणि मी रसवंतीवर गेलो. आत्या म्हणाली, "माझे पाय दुखून राहिलेत, मी बसते हितंच." तिला चाचांपाशी एकटी सोडली, ही चूक पुढं महागात पडली. आम्ही परतलो तोवर तिनं हंडा फडक्यात गच्च बांधला होता, तो लग्नापर्यंत काही सुटला नाही.

लग्नाच्या दिवशी उमरीत धूळ उडत होती. पाण्याचा टँकर सकाळी येणार होता, तो काही आला नव्हता. तरी लातूरचं वऱ्हाड वेळेवर आलं, अक्षता पडल्या, माझ्या कपाळावर मुंडावळ्या आणि पायात नवी जोडवी. आता जेवणं झाली की पाठवणी. तेवढ्यात आहेर मांडला आणि सासूबाई हंड्यापुढं बसल्या.

त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण मापता येत होतं. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, खूश झाल्या. मग बोट खाली उतरलं आणि आत्याच्या नावापाशी थांबलं.

"ह्ये कुनाचं?"

"माझं," आत्या पदर सारखा करत म्हणाली.

आत्याच्या नावाचं पहिलं अक्षर हंड्याच्या पोटावर चांगलं वीतभर उंच होतं! बाकीची अक्षरं त्याच्या पायाशी मेंढरांसारखी गोळा झालेली. आत्यानं चाचांना एवढंच सांगितलं होतं म्हणे, "फेटा एकच हाय, तर जरा ठसठशीत घाला."

"माझी समदी अक्षरं येकावर येक ठिवली तरी हिच्या एकाला पुरत न्हाईत," सासूबाईंचा आवाज मंडपाच्या खांबांना लागला. "नवरदेवाची आई मी हाव का ती? न्हाई जेवनार मी. आन् मी जेवले न्हाई तर सून बी नेनार न्हाई!"

झालं! पंगतीत वाढलेले भात थंड व्हायला लागले. अण्णा हात जोडून उभे. आत्या हात कमरेवर ठेवून उभी. शेवटी वऱ्हाडातल्या कुणीतरी सुचवलं, "इंग्रजीवाली सूनच केली हाय ना? तिलाच इचारा की, इंग्रजीत काय रीत हाय ते."

मला आणून मधोमध उभं केलं. 'आमचं चुकलं' म्हणावं तर ज्या इंग्रजीवर मला पसंत केलं त्या इंग्रजीवरच बोळा फिरणार. 'बरोबर आहे' म्हणावं तर सासू हातची जाणार. मी म्हटलं, खरा नियम सांगून टाकू. खऱ्याला मरण नाही. (असं शाळेत शिकवतात. लग्नाच्या मंडपात अनुभव वेगळा येतो.)

"वाक्याचं पहिलं अक्षर मोठं असतं..." मी सुरुवात केली. मुंडावळ्या तोंडावर येत होत्या.

"आम्ही काय वाक्य हाव?" सासूबाई.

"नावाचंही पहिलंच मोठं. लहान असो, थोर असो. शिपायाचंही आणि साहेबाचंही."

"म्हंजी थोरामोठ्याचा मान न्हाईच? मग शिकायची कशाला आसली भाषा?"

"मानासाठी नसतंच ते! म्हणजे... एक आय तेवढा कुठंही आला तरी मोठा असतो."

"आय म्हंजी?" आय म्हणजे आई असं समजून सासूबाई किंचित निवळल्या.

"आय म्हणजे मी."

"आन् तू म्हनायचं आसंल तर?"

मी पटकन बोलून गेले, "ते बारकं."

सासूबाई हळूहळू उभ्या राहिल्या.

"ऐकलं का रं लेका? उंबरा वलांडायच्या आधीच! 'मी' मोठी आन् 'तू' बारकी! हेच शिकली हाय तुझी बायको!"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो बिचारा डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेऊन बसला होता. फेट्यावरून एवढं रामायण झाल्यावर त्याला तो घालायची भीती वाटत असावी. मला तर रडूच फुटलं. पाटीवर चार वेळा नाव लिहिणारा माझा तो हात मोडून टाकावा असं वाटलं.

आणि तेवढ्यात वेशीकडून हॉर्न वाजला. टँकर!

मी पुष्कळ रुसवे बघितलेत, पण असा उतरलेला एकच. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी थिजला. कान टवकारले. टँकरचा हॉर्न वाजल्यावर लातूरच्या बाईला बसवून ठेवणं देवालाही जमायचं नाही. त्यांनी शालूचा काचा मारला, समोरचा हंडा उचलला, हळद-कुंकवासकट, आणि पळाल्या! पाठोपाठ घागर घेऊन आत्या. त्यांच्या मागं मुंडावळ्या सावरत मी.

टँकरपाशी उमरीच्या बायांनी सकाळपासून घागरी-कळश्या ओळीनं मांडून नंबर लावलेले. सासूबाई थेट तोंडाशी घुसल्या.

"ए बाई! नंबर हाय हितं. कोन तू?"

"नवरदेवाची आई! हंड्यावर नाव बघ माझं, केवढं मोठं हाय!"

त्या बाईनं हंडा फिरवून बघितला. "काय की बाई. किड्यामुंग्या वळवळल्यावानी दिसून राहिलंय. आम्हाला न्हाई येत ह्ये. चल, मागं हो!"

सासूबाई हंडा घेऊन दोन पावलं मागं सरल्या. एवढी मोठी अक्षरं आणि अख्ख्या उमरीत त्यांचा मान वाचणारं कुणी नाही! मला त्यांची दया आली. मी पुढं होऊन वाचून दाखवणार, तोच आत्यानं घागर खाली आदळली.

"ए शांते! पाव्हनी हाय आमची. माझ्या लेकीची सासू हाय! माझ्या घागरीच्या नंबरावर तिचा हंडा भरू दे. भर म्हनते ना!"

आत्याचा शब्द उमरीत इंग्रजीत घालावा लागत नसे. हंडा भरला. भरलेला हंडा एकटीला उचलेना, तेव्हा एका काठाला सासूबाई आणि दुसऱ्या काठाला आत्या, अशा दोघी डुचमळत मंडपाकडं निघाल्या. वाटेत सासूबाई म्हणाल्या, "इहीनबाई, तुमचं ते आक्षर जरा दांडगंच हाय बरं का." आत्या म्हणाली, "हाव. जरा हात सैल सुटला माझा." त्यावर दोघी इतक्या हसल्या की हंडा हिंदकळून माझा शालू भिजला. मग एका पाटावर बसून त्या जेवल्या, आणि माझी पाठवणी झाली. आत्याच्या गळ्यात पडून मी जी रडले, ती तिच्यासाठी. इंग्रजीसाठी नव्हे.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण लातूरला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाई आम्हा दोघांना देवाच्या पाया पडायच्या आधी नव्या कलेक्टर कचेरीसमोर घेऊन गेल्या. फाटकावर इंग्रजी बोर्ड, ताजा रंगवलेला. अख्खा पहिल्या, मोठ्या छापील लिपीत.

"बघ," त्या म्हणाल्या. "कलेक्टरच्या दारात येक तरी बारकं आक्षर हाय का?"

मी बोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला. नव्हतं.

"अहो, सांगा ना आईंना नियम," मी नवऱ्याला कळवळून म्हटलं.

"मी ह्याच हापिसात नोकरी करून राहिलो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बोर्डाच्या विरुद्ध कसं बोलू?"

तेव्हापासून आमच्या घरात इंग्रजीचे निकाल सासूबाई देतात. पुढं मी शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाले तरी काही फरक पडला नाही. गल्लीतली कुणी बाई पोराची शंका घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या सूनबाईला येतंय ना इंग्रजी?", की सासूबाई ओसरीवरून हंड्याकडं बोट दाखवतात. तिथं सगळ्यांत खाली माझं नाव आहे, मीच फेटा उतरवलेलं, अख्खं बारकं.

"येतंय की," त्या म्हणतात. "पर तिला बारकं येतंय. मोठं मला इचार."