बडग्याच्या अंगातला शर्ट

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, देवाले नाही. तुले सांगून राहिलो, कारण — कारण काय गा, गळ्यापर्यंत आलं आहे, बस.

आमची मारबत तुले माहीत आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं नागपूर रस्त्यावर उतरते, रोगराई घेऊन जा म्हणत मारबत नावाच्या बाईचा मोठा पुतळा मिरवते अन् जाळते. मारबतीसोबत मोहल्ल्या-मोहल्ल्याचा बडग्या निघते — बांबू-कागदाचा पुतळा, त्या वर्षी जे वाईट असेल त्याचा. महागाईचा, भ्रष्टाचाराचा. मिरवायचा, शिव्या घालायच्या, शेवटी जाळायचा. आमच्या मंडळाचा बडग्या मीच बांधायचो. हात चांगला होता माझा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. एड्स हा शब्द तेव्हा नवा. एक डॉक्टरीणबाई मोहल्ल्यात आल्या, मंडळाच्या खोलीत पडदा लावून चित्रं दाखवली — हात लावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अन् आमचे अध्यक्ष म्हणे, "यंदा एड्सचाच बडग्या करू. लोकांले समजलं पाहिजे." चांगल्या मनानं म्हणे, बरं का. पण रोगाचा पुतळा करायचा तं त्याले तोंड लागते, कपडे लागतात — कोणाचे? हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

मधुकर. आमच्याच गल्लीत रेडिओ दुरुस्त करायचा. तो अन् मी — कसं सांगू? — आम्ही एकमेकांचे होतो. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, कधी माझ्या खोलीवर. लोक त्याच्या चालण्यावर हसायचे, बोलण्यावर हसायचे. माझ्यावर नाही. माझं तं लग्न जुळून राहिलं होतं ना!

त्या उन्हाळ्यात तो वाळत गेला. ताप हटेना. रक्त तपासलं, तोच रोग निघाला, अन् ते एकट्या मलेच येऊन सांगितलं. "तू बी तपासून घे गा," म्हणे. "लपवू नको." स्वतःचं मरण समोर दिसून राहिलं होतं अन् काळजी माझी करत होता, साला!

मी काय केलं? घाबरलो. उद्या हे फुटलं, तं लोक विचारतील — याच्याकडे कोण येत-जात होतं? ते बोट माझ्याकडे वळायच्या आत मीच त्याच्याकडे वळवलं.

बडग्याचे कपडे घराघरांतून जुनेपुराणे गोळा करतात. मी त्याले जांभळा, फुलाफुलाचा शर्ट घातला. मधूचा. साऱ्या गल्लीत तसा शर्ट त्याच्या एकट्याचाच. तोंडही त्याचंच रंगवलं, भुवईवरच्या तिळासकट.

मिरवणूक त्याच्या दारापाशी आली. "अबे, हा तं आपला मधू!" कोणीतरी ओरडलं. हसू फुटलं. मग ते हसू राहिलं नाही. आधी पुतळ्यावर चपला पडल्या, मग दुकानावर दगड, मग चार-पाच जणांनी त्याले केसाले धरून बाहेर ओढलं. "माह्या पोराले सोडा रे!" म्हणत त्याची माय मधे पडली, तं तिले नालीत ढकललं.

मधूनं शर्ट पाहिला. मग मले पाहिलं. त्याले समजलं. त्यानं फक्त माझं नाव घ्यायचं होतं — एकदा — की मीही त्याच्या बाजूले पडलो असतो.

अन् मागून आवाज आला, "हा त्याचा दोस्त काहून उभा आहे बे?"

मी पुतळ्याचा बांबू उपसला अन् त्याच्या तोंडावर हाणला. तोंडावरच. बोलू नये म्हणून. दात तुटल्याचा आवाज आला मले. त्यानं हात आडवा केला, हातावर हाणला. मग मीच ओरडलो, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" अन् साऱ्या गर्दीनं माझ्यामागून ओरडून ओरडून त्याले तुडवलं. दुकान पेटवलं, बडग्याही त्यातच टाकला.

तो बोलला नाही. शेवटपर्यंत नाही.

थंडी संपायच्या आत तो दवाखान्यातच वारला. खांदा द्यायले गल्लीतून कोणी गेलं नाही. मीही नाही. मी रक्त तपासलं, काही निघालं नाही. लग्न झालं.

आता मोहल्ल्यात एड्सचं काम करणाऱ्या संस्थेच्या पोरी येतात, सभा घेतात. पहिली खुर्ची माझी. आजारी पोराच्या कपातला उरलेला चहा मी साऱ्यांसमोर पितो. पोराचा जीव पोरावर जडला तं त्यात पाप कसलं, असं माइकवर म्हणतो. "काका, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत," पोरी म्हणतात. मी हसतो. थू अशा हसण्यावर!

तेव्हा पोलिसांनी पुष्कळ विचारलं होतं — पहिला फटका कोणी मारला, आग कोणी लावली. तो शर्ट माझ्याकडे कसा आला, हे मात्र कोणी विचारलं नाही.

माझ्या खोलीत खुंटीवर होता. मधूनंच ठेवला होता, परत येईन म्हणून.