शुक्रवारचं ऊन

माझा संशयी स्वभाव मी माहेरहून आणला आहे. रावेरकडे आमची केळीची बाग होती, आणि मार्च-एप्रिलात कुणी वाऱ्याचं नाव काढलं की वडिलांचं जेवणातलं लक्ष उडायचं. जोराचा वारा आला की केळी घडासकट आडवी होते, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. तो बांधावर उभा राहून आभाळाकडे बघायचा, चुकचुकायचा आणि म्हणायचा, "या आठवड्याचं काही खरं नाही, कापून मोकळे व्हा." वडील घाबरून, मिळेल त्या भावात कापायचे, आणि पुढे आठवडाभर पानसुद्धा हलायचं नाही. तेव्हापासून हवामानाबद्दल कुणी आपणहून बोलायला लागलं की मी आधी बघते, यात याचा काय फायदा.

लग्न होऊन धुळ्याला आले, इथेच कचेरीत नोकरी लागली. आमच्या गल्लीत होळी झाली की कुरडयांच्या पाळ्या ठरतात. कुरडई ही एकटीदुकटीने करायची गोष्ट नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. तो रात्रभर निवळला की सकाळी शिजवायचा आणि गरम गरम सोऱ्यातून गच्चीवर पाडायचा. घाटायला एक, सोऱ्या दाबायला दोघी, पातेलं वर न्यायला आणखी दोघी. म्हणून एक दिवस एका घराचा, आणि बाकीच्या सगळ्या मदतीला. गहू भिजवले की माघार नसते. तीन दिवसांनी आभाळात काय असेल ते आजच ठरवावं लागतं. म्हणून त्या आठवड्यात गल्लीतली प्रत्येक बाई मोबाईलवर हवामान बघत असते, आणि मी सगळ्यांत जास्त.

दोन वर्षांपूर्वीच्या पाळीला माझ्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. रुखवतात मांडायच्या गुलाबी-हिरव्या कुरडया मला स्वतःच्या हाताने करायच्या होत्या. माझ्या लग्नाच्या आधीच आई गेली. वडिलांनी कुरडया विकत आणल्या, आणि सासरच्या एका बाईंनी त्यातली एक उचलून, उलटसुलट करून विचारलं, "दुकानातल्या वाटतं?" त्या प्रश्नाची लाज मला अजून वाटते. माझ्या मुलीला तो प्रश्न कुणी विचारू नये, एवढंच माझं मागणं होतं. भावाने शेतातले गहू पाठवले होते, शुक्रवारची पाळी लागली होती आणि रजाही मंजूर झाली होती.

शनिवारी दिवसभर अंग भाजून निघालं; संध्याकाळी समोरच्या अक्का आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा सुरतेला, तो वर्षातून एकदा येणार. त्यांची पाळी बुधवारी होती, गहू निवडून तयार होते, त्याच संध्याकाळी भिजत पडणार होते. खुर्चीवर न बसता उंबऱ्यातूनच म्हणाल्या,

"तू बुधवार ले. शुक्रवार मी लेस."

"का हो अक्का?"

"असंच. माले शुक्रवार बरा पडस."

मी लगेच हो-नाही केलं नाही. चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि मोबाईल उघडला. आठवड्याची सात चित्रं. बुधवारी ढग, ढगाखाली पाण्याचे तीन थेंब. शुक्रवारी स्वच्छ, पिवळाधमक सूर्य. मला बांधावरचा तो व्यापारीच आठवला. म्हातारी कुणाकडून तरी ऐकून आली होती आणि थेंबांचा दिवस माझ्या गळ्यात मारत होती, तेही घरात लग्न असताना. बाहेर येऊन मी गोड आवाजात सांगितलं, "रजा मंजूर झालीय अक्का, आता बदलता येणार नाही." "बरं," म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

बुधवारी सकाळी कचेरीत जाण्याआधी त्यांच्या गच्चीवर गेले. थेंब तर सोडाच, आभाळात पांढरा ठिपकाही नव्हता. पाय पोळत होते. मोबाईल चुकला म्हणून मला राग आला, पण त्याहून जास्त खटकलं ते वेगळंच. अक्कांनी अर्धा चीक बाजूला काढला होता आणि त्यात रंग कालवत होत्या. गुलाबी आणि हिरवा.

"रंग कशाला, अक्का?"

"राहू दे. पोरेसले आवडस."

कोणत्या पोरांना? घरात पोर नाही, सुरतेहून कुणी येणार नाही. रंगीत कुरडया रुखवताला करतात, हे गल्लीत कुणाला सांगायला नको. दिवसभर फायली चाळताना माझं डोकं त्यातच. माझ्या मुलीच्या लग्नात आपलं कौतुक करून घ्यायचं असेल. नाहीतर विकणार असतील. एक ना दोन, मी सहा-सात कारणं काढली आणि एकही चांगलं काढलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी चीक काढून झाला. मोबाईलमध्ये शुक्रवारचा सूर्य जरासा ढगामागे गेला होता. मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. ढग तिथेच. मी ते कुणाला बोलले नाही, अक्कांना तर मुळीच नाही.

शुक्रवारी अक्का सगळ्यांच्या आधी हजर. घाटा त्यांनीच घाटला, माझ्या हातून पळी काढून घेऊन. ऊन कडक होतं, वारा अजिबात नव्हता, अंगाची नुसती काहिली होत होती. मी मनात म्हटलं, बघा, कसं ऊन पडलंय. पण अक्का मात्र सारख्या सांगत होत्या, "आठे पाड, जिनाजोडे. तथा नको." जिन्याजवळ दाटीवाटीने पाडायच्या, आणि बाकी सगळी गच्ची मोकळी ठेवायची. मला वाटलं, माझं वाळवण थोडकं दिसावं म्हणून चाललंय. मी मुद्दाम लांबच्या कोपऱ्यापर्यंत पाडत गेले.

अडीचच्या सुमाराला साक्रीकडून आभाळ काळंभोर झालं. आधी धूळ आली, मग प्लास्टिकचा कागद कुरडयांसकट उचलला गेला, आणि मग गारा. मी जिना चढेपर्यंत अक्का वर पोहोचल्या होत्या, दोन रिकामी सुपं आणि एक चादर घेऊन. म्हणजे त्या ते सगळं जिन्याच्या दारातच घेऊन बसल्या होत्या. जिन्याजवळच्या तेवढ्या हाती लागल्या, सूपभर. बाकीच्यांचा चिखल झाला. गुलाबी पाणी पन्हाळीतून खाली गल्लीत पडत होतं आणि मी जिन्यात बसून मोठ्याने रडले.

"तुम्हाला माहीत होतं ना, अक्का?"

"माहीत कोनले ऱ्हास? धाक व्हता. इतलं तपनं का पाच-सहा दिनमा पानी उतरसच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का. "लगनघरनं काम. पानी येई, असं कसं बोलू?"

हे मला माहीत होतं. माहेरीही तेच. लग्नाच्या वाळवणासमोर पावसाचं नाव घेतलं की नाट लागतो. म्हणून कुणी बोलत नाही, नुसता दिवस बदलून मागतं. पंचवीस वर्षं वाळवण करून मी ते विसरले होते, कारण मी त्यांच्या तोंडाकडे न बघता मोबाईलकडे बघत होते.

"आनि मना घरमा खानारं कोन शे?" त्या चादर पिळत म्हणाल्या. "मन्या कुरडया भिजत्या तरी चालतं."

संध्याकाळी त्या पत्र्याचा डबा घेऊन आल्या. वर जुन्या साडीचा तुकडा, आत बुधवारच्या कुरडया, कडक वाळलेल्या, गुलाबी आणि हिरव्या. माझ्या सूपभर कुरडया वाळल्यावर त्या त्यांनीच वरच्या थरात लावल्या, म्हणजे माझ्या आधी दिसतील. मला माफी मागायची होती. पण कशाची मागायची, हे सांगायचं तर आधी सगळा संशय सांगावा लागला असता, आणि तेवढी हिंमत झाली नाही. मी फक्त त्यांचा हात धरला. रंग अजून नखांत होता.

लग्नात विहीणबाईंनी एक कुरडई उचलली, उलटसुलट केली. "घरच्या दिसतात," म्हणाल्या आणि परत ठेवली.

यंदा होळीनंतर पाळ्या ठरायला बसलो, तेव्हा मी आपणहून कोणताच दिवस मागितला नाही, जो लागेल तो. त्या आठवड्याच्या चित्रांत शुक्रवारी ढग होते, ठसठशीत काळे, दोन रेषांच्या विजेसकट. अक्कांना शुक्रवार लागला होता, मला बुधवार. या वेळी सुरतेहून नातू येणार म्हणून त्या महिनाभर तयारी करत होत्या. संध्याकाळी मी त्यांच्या उंबऱ्यात गेले आणि बसण्याआधीच म्हटलं, "अक्का, बुधवार तुम्ही घ्या. शुक्रवार मी घेते."

त्यांनी गहू निवडायचं थांबवलं.

"काब्र? तुना मनमा काय शे?"

"असंच. मला शुक्रवार बरा पडतो."

त्यांनी ताट बाजूला सारलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि शुक्रवार स्वतः बघितला.