वाघळाची जिवाणी

"जीव गेला, त शिक्षन बंद," एवढं बोलून वडिलांनी कापड मोजायचा गज उचलला. विषय संपला.

शेलूबाजारच्या जैन कापड दुकानदाराची मुलगी एम.एस्सी.ला वटवाघळांची गुणसूत्रं रंगवणार, हेच मुळात त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यात रीत अशी, की प्राणी मारायचा आणि हाडातली मज्जा काढायची. आमच्या घरी पाणी गाळल्यावर फडक्यात उरलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडतात. मारणं तर दूरच.

मीही त्यांचीच लेक, हट्टी. इंझोरीजवळच्या पडक्या विहिरीतलं एक वाघूळ धरलं, पंखाच्या पडद्याचे तिळाएवढे दोन तुकडे घेतले आणि त्याला तिथंच सोडलं. दोन बाटल्या, बर्फाचा थर्मास, थर्मास मांडीवर, अशी एसटीने नागपूर गाठलं. नुसते तुकडे पाहून माझ्या मार्गदर्शक सरांनी कपाळाला हात लावला. एका बाटलीत बुरशी आली. दुसरीत मात्र पेशी वाढू लागल्या. वाघूळ तिकडे विहिरीत आणि त्याची कातडी इकडे माझ्यापाशी वाढतेय! मला दुसरं काही सुचेना.

रंगवताना छळ निराळाच. आधी ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, लावायचं. ते जरा जास्त झालं की गुणसूत्रं लाह्यांसारखी फुगत, कमी पडलं की नुसत्या जांभळ्या काड्या. शेवटी एकदाचे आडवे पट्टे उमटले, प्रत्येक जोडीचे वेगळे. ते तसेच का, हे सरांनाही धड सांगता येईना. मला त्यातच मजा वाटली.

दिवाळीत त्या पट्ट्यांचा फोटो घरी नेला. वडिलांनी तो कापडासारखा उजेडात धरला.

"पट्टापट्टी हाये की. आन् वाघूळ?"

"जित्तं हाये, बाबा. हे त्याच्या पंखातले. बाटलीत वाढवले."

"हे जित्ते होते?"

"होते. रंगवाच्या आंधी मारा लागते." बोलले आणि जीभ चावली. शिक्षण गेलं, असंच वाटलं.

त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. "बाटलीत आनखी हायेत?"

"हायेत."

"मंग त्यायची जिवाणी कुठं सोडशीन?"

ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सुट्टी संपली तेव्हा एसटीत बसवायला तेच आले. रिकामा थर्मास माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले, "येतानी घेऊन ये त्यायले. इंझोरीच्या विहिरीवर मी बी येतो."