रेडिएटरला टोपडं

बहारीनमध्ये घराला हीटिंग बसवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. आमचा घरमालक तसा माणूस. तरुणपणी कुठल्याशा बर्फाळ देशात शिकायला गेला आणि येताना पदवीबरोबर ही हौसही घेऊन आला. जनाबियातल्या त्याच्या व्हिलात प्रत्येक खिडकीखाली पांढरा रेडिएटर, मागच्या अंगणात बॉयलर आणि हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट. घर दाखवताना त्याने स्वयंपाकघर धड दाखवलं नाही, पण प्रत्येक रेडिएटरच्या कोपऱ्यातला गोल व्हॉल्व्ह फिरवून दाखवला. त्यावर एक ते पाच आकडे होते. जिथे दहा महिने एसी बंद करायची सोय नाही, तिथे ही मिजास. मी नाक मुरडलं. नवरा मात्र तिथल्या तिथे विरघळला आणि आम्ही ते घर घेतलं.

माझा नवरा अस्करजवळच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम सांभाळतो. त्यामुळे तापमान या विषयात आपल्याखेरीज कोणाला काही कळतं, हे त्याला मान्य नाही. पहिल्याच हिवाळ्यात त्याने थर्मोस्टॅट तेवीसवर लावला आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं जाहीर केलं. कॉलेजातली आमची मुलगी आणि मी, दोघींनीही मान डोलावली. मी मनामातल्या एका कंपनीत ऑडिटला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढते आणि मला ते काम मनापासून आवडतं. घरी आल्यावर भिंतीवरच्या आकड्याशी वाद घालायची ताकद उरत नाही.

त्या जानेवारीत मी आईला आणलं. बाबा गेल्यापासून ती सांगलीला भावाकडे होती. भावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, तोंडाने फटकळ. फोनवर आईशी बोलताना मागून तिचा आवाज यायचा. "गोळी घेतलीत का? नाही ना? शंभरदा सांगितलं!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईवर ही कालची पोर ओरडणार. मी नवऱ्याला सांगून टाकलं की आई आता कायमची आपल्याकडे राहील. व्हिजिट व्हिसा संपायच्या आत तिने हो म्हणायचं, की पुढचे कागद करायचे. आई फक्त "बघू" म्हणाली. तिने हो म्हणावं यापलीकडे मला त्या हिवाळ्यात दुसरं काही नको होतं.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या पिढीच्या बायकांना उघडी वस्तू बघवत नाही. आमच्या लहानपणी मिक्सरला झबलं, फोनला झालर, फ्रिजच्या मुठीला बाही आणि रिमोटला प्लास्टिकची पिशवी असायची. इथे आल्यावर आठ दिवसांत तिला त्या गोल व्हॉल्व्हांवर धूळ दिसली. मी ऑफिसातून परतले तर घरातल्या प्रत्येक व्हॉल्व्हला पिवळ्या लोकरीचं, लाल काठाचं आवरण चढलेलं. जाड, दुहेरी विणीचं. तिने मोठ्या हौसेने मला खोल्याखोल्यांतून फिरवून दाखवलं.

मी दुसऱ्याच दिवशी हॉलमधलं काढलं. मग आमच्या खोलीतलं आणि मुलीच्या खोलीतलंही काढलं. "आई, इथे असं नसतं करत," म्हणाले. हे वाक्य मी इथे आल्यापासून कितीजणांना ऐकवलं असेल, आणि दर वेळी ते बोलताना मला जरा उंच झाल्यासारखं वाटतं. मी काढलेली आवरणं आईने मुकाट्याने पिशवीत भरली. तिच्या खोलीतलं मी राहू दिलं. तिथे कोण पाहुणा बघायला जातोय, असा माझा उदार विचार होता.

मग तिला थंडी वाजायला लागली. इथला हिवाळा म्हणजे काही हिमालय नव्हे, पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, खाली गार फरशी, आणि उत्तरेचा दमट वारा सुटला की भिंतीसुद्धा गारठतात. आईची खोली नेमकी उत्तरेला. ती स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे आणि कानाला मफलर अशा थाटात जेवायला यायची. मुलीने एकदा तिचा हात धरला आणि म्हणाली, "मम्मा, आजीज हँड्स आर फ्रीझिंग." नवरा ताटावरून उठला, थर्मोस्टॅटपाशी गेला, बघून परत आला आणि म्हणाला, "तेवीस आहे."

हा आमच्या घरचा नित्यपाठ झाला. आई म्हणायची, खोलीत गारठा आहे गं. मग आमच्यापैकी कोणीतरी हॉलमध्ये जायचं आणि तेवीस म्हणून सांगायचं. मुलगीही शिकली. "इट्स ट्वेंटी थ्री, आजी." नवऱ्याने एकदा कॉरिडॉरमधूनच विचारलं, "व्हॉल्व्ह पाचवर आहे ना?" आतून "हो" आलं. "मग पूर्ण उघडा आहे," म्हणाला आणि मला समजावत बसला की सगळीकडे एकच पाणी फिरतं, त्यामुळे एकाच खोलीत थंडी असूच शकत नाही. भट्टी सांभाळणारा माणूस, पण सासूच्या खोलीतल्या लोखंडाला हात लावून बघावा हे त्याला सुचलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असा.

त्याला नावं ठेवताना मला नेहमी हुरूप येतो, म्हणून हेही सांगून टाकते की मीसुद्धा हात लावून पाहिला नाही. "वय झालं की थंडी जास्त वाजते, आई. मनावर घेऊ नकोस," असं मी दारातून पर्स खांद्याला अडकवता अडकवता सांगितलं. दुसऱ्याच्या फायलीत न तपासता केलेली अशी सही सापडली असती, तर मी पानभर शेरा मारला असता.

दोन आठवड्यांनी आईला खोकला झाला. तेव्हा कुठे मी मेंटेनन्सला फोन केला, आणि तेही सुट्टीच्या दिवशी यायला सांगितलं, म्हणजे माझी रजा जायला नको. शनिवारी सकाळी टेक्निशियन आला. श्रीवर्धनकडचा, साठीकडे झुकलेला, इथे उभी हयात काढलेला माणूस. आमचं मराठी ऐकून खूश झाला. नवरा त्याला थर्मोस्टॅट दाखवायला लागला तर म्हणाला, "तो ऱ्हाऊंदे साहेब. थंडी कुठल्या रूममध्ये हाय?" आणि सरळ आईच्या खोलीत गेला. मागोमाग आमची वरात.

त्याने रेडिएटरवर तळवा ठेवला. मग खाली बसून व्हॉल्व्हकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं.

"मॅडम, ह्याला टोपडं कोणी घातलं?"

आम्ही आईकडे पाहिलं. त्याने सांगितलं की या डोक्याच्या आत एक डबी असते, ती खोलीची हवा ओळखते. हवा तापली की डबी फुगते आणि पाणी बंद करते. "तुम्ही ह्याला लोकर घातली. पाइपाची गरमी आतच कोंडली. ह्याला वाटला, खोली गरम झाली, खलास. मग पाचवर ठेवा नाहीतर पन्नासवर, हा कशाला उघडतो?"

नवरा सगळ्यात मोठ्याने हसला. ही गोष्ट त्यालाही त्याच मिनिटाला कळली होती, पण ते झाकायला मोठ्याने हसावंच लागतं. मुलगी हसली. आणि मी म्हणाले, "आई, आता त्याला पाळण्यातही घाल." एवढ्यावर थांबले नाही. त्या टोपडं घातलेल्या व्हॉल्व्हचा फोटो काढला, खाली 'आईसाहेबांचा नवा पराक्रम' असं लिहिलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मावशी, मामा, पुण्याची भाचरं, सगळे. वहिनीने तेवढं काहीच पाठवलं नाही. तिला विनोद कळत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं.

आई पलंगाच्या कडेला बसून हसत होती. कोणी आपल्यावर हसलं की ती आधी स्वतः हसून घेते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. टेक्निशियनचं लक्ष तिच्याकडे गेलं. टोपडं काढून त्याने उलटसुलट बघितलं. "मावशी, वीण झकास हाय. माझ्या नातीला होईल बघा." आईने ते त्याला देऊन टाकलं. वर पिशवीतली बाकीचीही दिली.

दुपारपर्यंत खोली छान तापली. नवऱ्याने आता सगळ्यांना व्हॉल्व्हचं तत्त्व समजावायला सुरुवात केली होती, जणू डबीचा शोध त्यानेच लावला. मी निर्धास्त होते. अडचण एकच होती, ती मिटली. आता आई हो म्हणेल आणि रविवारी इथली ऑफिसं उघडली की मी कागद पुढे पाठवीन, असं मनाशी पक्कं केलं होतं. चहा घेऊन तिच्या खोलीत गेले तर ती शाल घडी करून बॅगेत ठेवत होती.

"माझं तिकीट काढ," म्हणाली. "सांगलीला जाते."

"अगं, आता तर खोली गरम झाली."

"हो. बरं वाटतंय."

"मग? हसलो म्हणून रागावलीस का? अगं, गंमत केली."

"हसण्याचं काय एवढं. चूक माझीच होती." तिने बॅगेची चेन लावली. आवाजात राग नव्हता. वर्गात न आलेलं गणित पुन्हा सांगताना असायचा तसा आवाज होता. "दोन आठवडे मी सांगत होते, थंडी वाजते. तुम्ही सगळे हॉलमध्ये जाऊन भिंत बघून यायचात. या खोलीत आज पहिल्यांदा कोणी आलं, ते आलं त्या माणसामागून."

मी चहाचा कप खाली ठेवला. मग मी तेच म्हणाले, जे गेली तीन वर्षं म्हणत आले होते. "तिकडे वहिनी दिवसभर तुझ्यावर ओरडते, आई."

"ओरडते," आई म्हणाली. "पण माझ्या खोलीत येऊन ओरडते गं."