बिनतारखेचा अर्ज

नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी.ला रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी विभागाचे लिपिक खलीलभाई यांनी मला बसवलं, चहा पाजला आणि कोरा कागद पुढे सरकवला. "डॉक्टरसाब, संशोधन सोडायचा अर्ज लिहा. सही करा, तारीख तेवढी टाकू नका."

मी चक्रावलो. ते म्हणाले, "दुसऱ्या वर्षी समदेच सोडाया निघतेत. तवा घाईत लई वाईट लिहितेत."

असे सगळ्यांचे अर्ज त्यांच्या खणात असत. नियम एकच: तारीख टाकायची असेल तर आधी त्यांच्यासमोर बसून आपलं काम समजावून सांगायचं. किनवटच्या एका मुलीचं मन स्पर्धा परीक्षेत होतं. तिला त्यांनी तारीख टाकू दिली, वर परीक्षेचा फॉर्मही स्वतः भरून दिला.

दुसऱ्या वर्षी माझी पाळी आली. माझा विषय होता लातूरच्या भूकंपानंतर नव्याने वसवलेली गावं. माझं गावही त्यातलंच. मार्गदर्शकांनी पहिलं प्रकरण तीनदा परत केलं होतं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. एकाने इंग्रजी शिकवायला बोलावलं. पगार चांगला, घर जवळ. मी तरातरा भाईंकडे गेलो.

"हं, सांगा."

मी घरं, भिंती, स्लॅब, सगळं आकड्यांनिशी ऐकवलं. भाईंनी बशीतला चहा संपवला. "घरं मोजलीत. लोकं झोपतेत कुठं?"

"बाहेर, पत्र्याच्या शेडात. स्लॅबखाली झोप लागत नाही त्यांना. माझ्या आईलासुद्धा."

"हे लिहिलं?"

"नाही. यात काय लिहायचं?"

भाई हसले. "नोकरी वाईट न्हाई, डॉक्टरसाब. पर निघून चाललात का पळून, तेवढं ठरवा." आणि त्यांनी खण लावून टाकला.

राग आला, खोटं कशाला बोलू! पण लातूरची गाडी धरली ती क्लाससाठी नव्हे, आईशी बोलायला. तिच्या बोलण्यातूनच माझा प्रबंध उभा राहिला.

तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटून झाले. भाईंनी पिवळा पडलेला माझा अर्ज बाहेर काढला. "आता टाका तारीख. आज निघून चाललात."

मी तारीख टाकली. त्यांनी आवक नोंदवहीत अर्जाची नोंद केली, शिक्का मारला आणि "चहा सांगा" म्हणाले. मान मात्र काही वर केली नाही.